लाह्यांचा मका: आधी पाणी, मग खत, शेवटी फवारा



सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं. खापरखेड्याच्या आसपासच्या चार-पाच गटांच्या बैठकीत या महिन्यात एकच विषय निघाला. गटाचं कर्ज घेऊन रब्बीत लाह्यांचा मका, म्हणजे पॉपकॉर्नचा मका, लावायचा का? आणि लावलाच तर दुकानात मिळणारी ती वाढीची बाटली घ्यायची का? "दुकानदार म्हणतो, दोन फवारे मारा, कणीस हातभर होते," असं एक ताई म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "मागच्या साली माझ्या दिरानं मारलं होतं, काही फरक नाही पडला."

मी समाजकार्य शिकलेली आहे, शेतीची पदवी माझ्याकडे नाही. म्हणून कृषी विद्यापीठांच्या शिफारशी वाचल्या, माहितीच्या लोकांना विचारलं आणि जे पक्कं कळलं तेवढंच इथं लिहिते. थोडक्यात सांगायचं तर पैसा आधी पाण्यावर लावा, मग खतावर, आणि उरला तरच फवाऱ्यावर. हा क्रम उलटा झाला की कर्ज अंगावर बसतं. असं का, ते आता नीट पाहू.

लाही फुटते कशी?

साधा मका तव्यावर टाकला तर भाजतो, क्वचित तडकतो, पण त्याची फुलासारखी लाही होत नाही. लाह्यांच्या मक्याचा दाणा बारीक असतो, कवच कडक असतं आणि आतलं पीठ घट्ट असतं. या पिठात थोडं पाणी अडकलेलं असतं. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, पण कवच तिला बाहेर जाऊ देत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते ना, तसंच. तापमान साधारण १८० अंशांवर गेलं की कवच फाटतं, पीठ एकदम फुगतं आणि लाही होते. चांगला दाणा ३० ते ४० पट फुगतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. दाण्यात ओलावा बरोबर हवा, म्हणजे १३ ते १४.५ टक्क्यांच्या मधला. आणि कवचाला चीर गेलेली नको. कुकरचं रबर फाटलं तर शिटी होत नाही, तसंच चिरलेल्या दाण्याची लाही होत नाही.

म्हणून या पिकात उत्पन्न दोनदा मोजावं लागतं. एकदा काट्यावर, म्हणजे एकरी किती क्विंटल झालं ते. आणि एकदा कढईत, म्हणजे शंभरातले किती दाणे फुटले ते. आपण वजनावर विकतो, पण गिऱ्हाईक फुगलेली लाही खातं. कोराडीच्या नवरात्रात किंवा आदाशाच्या जत्रेत लाह्या विकणारा पुढच्या वर्षी आपल्याकडे परत येईल की नाही, हे कढईवरच ठरतं.

उत्पन्न कशाचं बनतं?

एक हिशोब मांडू. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरात ३३ हजारांच्या आसपास झाडं बसतात. त्यातली ३० हजार जगली, प्रत्येकाला एक कणीस आलं आणि कणसाला ४० ग्रॅम दाणा भरला, असं समजू. झाले १२ क्विंटल. आता झाडं तेवढीच आहेत, पण फुलोऱ्यात पाणी चुकलं आणि कणसाला ३० ग्रॅमच दाणा भरला. झाले ९ क्विंटल. म्हणजे ३ क्विंटल गेले, आणि वावर तर बाहेरून तसंच हिरवंगार दिसतं. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या वावरात वेगळे येतील, पण हिशोब असाच लागेल.

झाडांची संख्या पेरणीच्या वेळी ठरते. कणसावर किती दाणे बसणार ते फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवसांत ठरतं. दाणा किती भरणार ते त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत. ती वेळ निघून गेली की मागून कितीही खत टाका, कितीही बाटल्या मारा, गेलेला दाणा परत येत नाही.

पहिलं: पाणी

मक्याच्या झाडाला वर तुरा येतो, तो नर. खाली कणसाला रेशमासारखे केस येतात, ती मादी. तुऱ्यातून पिवळी भुकटी, म्हणजे पराग, उडते आणि केसांवर पडते. प्रत्येक केस एकाच दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला त्याचाच दाणा भरतो. केस सुकला, तर त्या जागी रिकामं.

पाण्याचा ताण पडला की झाड तुरा वेळेवर काढतं, पण केस उशिरा काढतं. परागाचे दिवस संपत येतात तेव्हा केस बाहेर येतात. मग कणीस बोडकं राहतं, टोकाला रिकामं नाहीतर मध्ये दात पडल्यासारखं. कितीतरी बाया याला "बियाणं खराब होतं" म्हणतात. बियाण्याचा दोष असूही शकतो, पण पहिला संशय पाण्यावर घ्या.

जागतिक अन्न व कृषी संघटनेनं मक्यासाठी एक हिशोब दिला आहे. पिकाला पाणी १० टक्के कमी पडलं तर उत्पन्न किती घटतं, ते अवस्थेप्रमाणे असं आहे:

- झाड वाढत असताना कमी पडलं, तर साधारण ४ टक्के घट
- फुलोऱ्यात कमी पडलं, तर साधारण १५ टक्के घट
- दाणे भरताना कमी पडलं, तर साधारण ५ टक्के घट
- दाणे पिकताना कमी पडलं, तर साधारण २ टक्के घट

पाणी तेवढंच कमी पडलं, पण नुकसान ४ टक्के होईल की १५, हे कमी कधी पडलं त्यावर आहे. ज्यांच्या विहिरीला जानेवारीत पाणी उतरतं त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. सुरुवातीला एखादं पाणी लांबलं तरी चालेल, पण फुलोऱ्यासाठी पाणी राखून ठेवा.

मक्याला पाण्याच्या चार नेमक्या वेळा सांगितल्या आहेत. समजा १ नोव्हेंबरला टोकण केली, तर त्या अशा येतात:

१. २५ ते ३० दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी. झाड गुडघ्याला येतं.
२. ४५ ते ५० दिवसांनी, म्हणजे १५ ते २० डिसेंबर. तुरा निघायला लागतो.
३. ६० ते ६५ दिवसांनी, म्हणजे नवीन वर्षाच्या आसपास. फुलोरा, कणसाला केस.
४. ७५ ते ८० दिवसांनी, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास. दाणे भरतात.

आपल्याकडे थंडी जास्त पडली तर हे सगळं आठवडाभर किंवा त्याहून जास्त पुढं सरकतं. म्हणून तारखेपेक्षा झाडाकडे पाहा. वरचा तुरा पानातून डोकावला की पाण्याची तयारी करा. आणि चौथ्या वेळेची एक गंमत बघा, नेमकं तेव्हाच हळदीकुंकू आणि वाणाची धावपळ असते. मोटार सुरू करायची कुणी, हे आधीच ठरवून ठेवा. रात्रीची लाईन असेल तर एकटीनं जाऊ नका. दोघीतिघींनी पाळी लावा.

या चार वेळांखेरीज टोकणीनंतर उगवणीचं पाणी लागतं. काळ्या जमिनीत मधलं अंतर १२ ते १५ दिवसांचं धरलं तर रब्बीत पाच-सहा पाळ्या होतात. हलक्या, मुरमाड जमिनीत पाणी लवकर लागतं, पण कमी कमी द्यायचं. पाणी फारच थोडं असेल तर एक सरी सोडून एक सरी भिजवा आणि पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या घ्या. ठिबकचा विचार असेल तर अनुदानाचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करता येतो. गटातली मोबाईलची जाणकार मुलगी असेल तर तिला कामाला लावा.

पाणी जास्त झालं तरी मका बिघडतो. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. दोन दिवस पाणी साचलं तर मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात आणि टाकलेल्या युरियातलं नत्रही हवेत उडून जातं. खरिपात मका लावणाऱ्यांनी सरी-वरंब्यावरच लावावा आणि धुऱ्याकडून पाणी काढून द्यावं.

एका ओळीत लावू नका

बऱ्याच जणी धुऱ्यानं एक ओळ मका लावतात. घरच्या भुट्ट्याला ते चालतं, लाह्यांच्या मक्याला नाही. पराग वाऱ्यानं जातो. एकच ओळ असली तर अर्धा पराग दुसऱ्याच्या वावरात उडून जातो. पाच गुंठे असलं तरी चौकोनी तुकड्यात, निदान चार-पाच ओळी शेजारी शेजारी लावा.

आणि शेजारच्या वावरात भुट्ट्याचा नाहीतर चाऱ्याचा मका असेल तर आधी बोलून घ्या. त्याचा पराग आपल्या केसांवर पडला तर बऱ्याच जातींमध्ये त्याच हंगामाचा दाणा बिघडतो आणि लाही कमी फुगते. मधे २०० मीटर तरी अंतर हवं, नाहीतर पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक हवा. दोन्ही फुलोरे एका वेळी यायला नकोत.

बियाणं किराणा दुकानातल्या पाकिटातलं वापरू नका. ते कोणत्या जातीचं आहे, किती जुनं आहे, काहीच कळत नाही. अंबर पॉपकॉर्न, व्ही.एल. अंबर पॉपकॉर्न, पर्ल पॉपकॉर्न अशा जाती आहेत. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडे विचारून पक्क्या बिलानं घ्या. दाणा बारीक असल्यानं एकराला ५ किलो बियाणं पुरतं.

दुसरं: खत

माती परीक्षण आधी. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. कितीतरी घरांत ती आहे, पण ट्रंकेत. ती काढून कृषी सखीला दाखवा. नसेल तर वावरातल्या आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती घ्या, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि धुऱ्यावरची माती घेऊ नका.

मक्यासाठी सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. एकराला ते ४८, २४ आणि १६ किलो होतं. माती परीक्षणात वेगळं निघालं तर तेच धरा. हे आकडे पोत्यांच्या भाषेत असे येतात:

- डीएपी: एक पोतं (५० किलो). यातून सगळं स्फुरद आणि ९ किलो नत्र मिळतं.
- पोटॅश (एमओपी): साधारण २७ किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याहून थोडं जास्त.
- युरिया: साधारण ८५ किलो, म्हणजे ४५ किलोची दोन पोती, त्यातला थोडा उरेल.

डीएपी मिळालं नाही तर घाबरू नका. सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती तेवढंच स्फुरद देतात आणि सोबत गंधकही मिळतं. फक्त तेव्हा युरिया १०४ किलोपर्यंत लागतो, कारण सुपर फॉस्फेटमध्ये नत्र नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युरिया एकदम टाकायचा नाही. नत्र जमिनीत टिकत नाही. पाण्याबरोबर खाली जातं, हवेत उडतं. झाडाला भूक लागेल तेव्हा ताटात पाहिजे. लेकराला आठ दिवसांचं जेवण एकाच वेळी वाढलं तर ते खाईल का? म्हणून तीन हप्ते करा:

- टोकणीच्या वेळी: सगळं डीएपी, सगळं पोटॅश आणि १५ किलो युरिया
- ३० दिवसांनी: ३५ किलो युरिया
- ४० ते ४५ दिवसांनी, तुरा निघायच्या आधी: ३५ किलो युरिया

तिसरा हप्ता बऱ्याच वेळा राहून जातो. तेव्हा मका उंच झालेला असतो, पानं हाताला कापतात, मजूर आत शिरत नाहीत. पण त्यानंतर लगेच केस येतात आणि दाणे भरायला लागतात. तेव्हा नत्र नसेल तर खालची पानं टोकापासून मध्यशिरेनं पिवळी पडत जातात आणि दाणा पोचट राहतो. हा हप्ता चुकवू नका. पण फुलोरा संपल्यावर मागाहून टाकून फायदा नाही. झाड हिरवं राहतं आणि दाणा उशिरा पिकतो, एवढंच होतं.

युरिया पानांच्या पोंग्यात पडू देऊ नका, पान जळतं. झाडापासून चार बोटं दूर टाका, मातीनं झाका आणि लगेच हलकं पाणी द्या. पाणी साचलेल्या वावरात टाकू नका. आता वरची पाण्याची पाळी पाहा. २५-३० दिवसांचं आणि ४५ दिवसांचं पाणी या दोन हप्त्यांना बरोबर जुळतं. पाणी आणि खत जोडीनं चालतात. खत आहे पण पाणी नाही, तर ते मातीतच पडून राहतं.

शेणखत एकरी ४ ते ५ टन मिळालं तर उत्तम. गटाचं गांडूळखत असेल तर ते बाहेर विकायच्या आधी आपल्या वावराचा विचार करा. टोकणीपूर्वी बियाण्याला अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, प्रत्येकी किलोला २५ ग्रॅम, चोळून सावलीत वाळवा.

एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. कोवळ्या पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त कमी आहे. पुढच्या वेळी टोकणीपूर्वी एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट जमिनीत द्या, पण डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळून नको. दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात आणि झाडाला काहीच मिळत नाही.

तिसरं: वाढीचे फवारे

दुकानात सगळ्याला "टॉनिक" म्हणतात, पण बाटलीत काय आहे त्यावरून चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार अन्नद्रव्यांचा. १९:१९:१९, १३:०:४५, झिंक सल्फेट वगैरे. हे पानातून दिलेलं खतच आहे. उपयोग होतो, पण किती, ते मोजा. १९:१९:१९ एक किलो २०० लिटर पाण्यातून फवारलं तर एकराला १९० ग्रॅम नत्र मिळालं. पिकाला लागतं ४८ किलो. म्हणजे अडीचशे पट कमी. फवारा म्हणजे तोंडी लावायचं लोणचं, त्यानं पोट भरत नाही. मुळं पाण्यानं गुदमरली असतील, किंवा जस्ताची कमी उभ्या पिकात दिसली असेल, तेव्हा याचा आधार होतो. जस्तासाठी लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना असं प्रमाण असतं. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ३७ ग्रॅम चुना.

दुसरा प्रकार संप्रेरकांचा, म्हणजे झाडाच्या वाढीचा चालक बदलणारी औषधं. एनएए तुम्हाला माहीत आहे. पऱ्हाटीची पातेगळ, मिरचीची आणि संत्र्याची फूलगळ थांबवायला ते मारतात. म्हणून दुकानदार मक्यालाही देतो. पण मक्यात फूलगळ होतच नाही! मक्याचा दाणा गळून कमी होत नाही, पराग न मिळाल्यानं कमी होतो. जो रोग नाही त्याचं औषध कशाला घ्यायचं? जिबरेलिक आम्लानं खोड लांब होतं. लाह्यांच्या मक्याचं खोड आधीच बारीक, त्यात ते लांबलं तर वाऱ्यानं लोळतं. उंची कमी करणारी औषधंही आहेत, पण वेळ किंवा मात्रा चुकली तर कणीसच लहान होतं.

तिसरा प्रकार समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्ल यांचा. यांना जैव-उत्तेजकं म्हणतात. काही चाचण्यांत यांचा फायदा दिसला आहे, काहींत नाही. पीक ताणात असेल तर थोडा आधार मिळतो. पाणी-खत वेळेवर मिळालेल्या पिकात फरक कमी दिसतो. पूर्वी या बाटल्यांवर कुणाचा धाक नव्हता. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं त्यांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं. एनएए, जिबरेलिक आम्ल यांसारखी संप्रेरकं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. म्हणून बाटलीवर नोंदणी, घटक, बॅच नंबर, मुदत आणि "मका" हे पिकाचं नाव आहे का, ते वाचा. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला लावा. दारावर गाडी घेऊन येणाऱ्याकडून, बिलाशिवाय काहीही घेऊ नका.

चौथा प्रकार घरचा. जीवामृत, गांडूळपाणी, गोमूत्र. खर्च कमी, म्हणून करून पाहायला हरकत नाही. पण याच्या भरवशावर युरियाचा हप्ता सोडू नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या आणि राखेजवळच्या वावरांत पानांवर धुळीचा थर बसतो. त्या थरावर मारलेला फवारा पानाच्या आत पोचत नाही. आधी साध्या पाण्यानं पानं धुतली तरच उपयोग.

आणि जिवाचं सांगते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. मका डोक्याच्या वर जातो, फवारा तोंडावर येतो. टॉनिक आणि कीटकनाशक मनानं एकत्र करू नका. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. पंप नवरा मारतो, पण पाणी आणणं, औषध कालवणं आणि ते कपडे धुणं आपल्याकडे असतं. हातमोजे आपल्यालाही लागतात. पोटुशी आणि अंगावर पाजणारी बाई या कामात नको.

बाटली घ्यायची तर असा हिशोब करा

समजा दोन फवाऱ्यांचा औषध आणि मजुरी धरून खर्च ९०० रुपये आला आणि दाण्याला ३० रुपये किलो भाव मिळाला. तर ३० किलो दाणा जास्त आला तेव्हा खर्च निघाला. त्याच्या वर जे येईल तो फायदा. खरंच ३० किलो जास्त आला का, हे कसं कळणार? नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

गटानं एकाच वावरात हे करून पाहावं. एकाच दिवशी टोकण, एकच खत, एकच पाणी. दहा ओळींवर फवारा मारा, शेजारच्या दहा ओळींवर मारू नका, खुंट्या रोवून ठेवा. काढणीला दोन्हीकडची, कडेच्या ओळी सोडून, पन्नास-पन्नास कणसं घ्या. चांगली निवडून नको, ओळीनं येतील ती. दाणे काढून वाळवा, तोला आणि वहीत लिहा. एका वर्षात एका एकराच्या खर्चात सगळ्या गटाला कळेल. पुढच्या वर्षी वीस जणींचे पैसे वाचतील, नाहीतर योग्य ठिकाणी लागतील.

काढल्यावर घाई नको

कणसाचं वरचं आवरण वाळलं, दाणा नखानं दबेना आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की मका तयार. हिरवा काढला तर लाही होत नाही. कणसं सोलून हवेशीर जागी वाळवा. कडक उन्हात तापलेल्या टिनावर टाकू नका, कवच तडकतं. काठीनं झोडपू नका. हातानं नाहीतर हाताच्या सोलणी यंत्रानं दाणे काढा.

ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी कढई आहे. दर चार दिवसांनी मोजून शंभर दाणे फोडा. लाही चिवट आणि लहान झाली तर दाणा अजून ओला आहे. आवाज कमी आणि बुडाशी न फुटलेले दाणे जास्त राहिले तर जास्त वाळला. जास्त वाळलेल्या दाण्याला घट्ट झाकणाच्या बरणीत, चार वाट्या दाण्याला एक मोठा चमचा पाणी घालून हलवा आणि दोन-तीन दिवस ठेवा. मग पुन्हा फोडून पाहा. ज्या दिवशी सगळ्यात जास्त दाणे फुटतील त्या दिवशी हवाबंद डब्यात भरा.

पुढच्या बैठकीत हे ठरवा

१. कुणाच्या विहिरीला जानेवारीच्या शेवटापर्यंत पाणी आहे? नसेल तर तिनं या साली हरभरा घ्यावा. लाह्यांच्या मक्यासाठी कर्ज काढू नये.
२. कर्ज मागणाऱ्या ताईच्या खर्चाच्या यादीत पाणी आणि तिन्ही खताचे हप्ते आहेत का? फवारा यादीत शेवटी लिहा.
३. तुरा निघाल्यावर मोटारीची पाळी कुणाची?
४. दहा ओळींचा प्रयोग कुणाच्या वावरात?
५. माल कोण घेणार, हे टोकणीआधी विचारलं का?

शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१ आहे. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलतात. बोलताना वावर कसं आहे, टोकण कधी केली आणि पाणी किती दिवसांनी देता, हे तीन मुद्दे हाताशी ठेवा. आणि उत्तर मिळालं की गटाच्या वहीत लिहा. दुसऱ्या गावच्या बाईलाही तोच प्रश्न पडलेला असतो.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, खापरखेडा